मस्केलंज : एका नावाची बखर

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, जेथे पाच महासरोवरांकडे जाणारे पाणी आणि मिसिसिपीकडे जाणारे पाणी एकमेकांपासून थोड्याच कोसांवर वाहते, त्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि ओंटारियोच्या सरोवरमय मुलुखात, पाणवेलींच्या दाट जाळीआड बुडालेला ओंडका पडून राहावा तसा निश्चल राहून भक्ष्याची वाट पाहणारा एक मासा आहे. त्याची लांबी क्वचित दीड मीटरच्या घरात जाते. अंग सोट्यासारखे सरळ, पाठीवरचा पर पार मागे शेपटीजवळ सरकलेला, आणि डोके पुढे निमुळते होत जाऊन बदकाच्या चोचीसारखे चपटे झालेले. फिकट, हिरवट-चंदेरी अंगावर काळसर पट्टे किंवा ठिपके असतात. खालच्या जबड्यातले दात कट्यारीसारखे उभे असतात, आणि टाळूवरचे असंख्य बारीक दात आतल्या बाजूस कललेले असल्यामुळे एकदा तोंडात आलेल्या भक्ष्याला घशाकडे सरकण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. या माशाला इंग्रजीत मस्केलंज म्हणतात. गळ टाकणारे हौशी लोक त्याला लाडाने 'मस्की' म्हणतात, आणि तो गळाला लागणे किती दुर्मिळ हे सांगण्यासाठी त्याला दहा हजार फेकींचा मासा असेही म्हणतात.

मस्केलंज हा शब्द इंग्रजी नाही, हे त्याच्या ध्वनीवरूनच कळते. तो फ्रेंचही नाही, जरी फ्रेंच माणसाला तो आपलाच वाटावा इतका तो फ्रेंच तोंडात घोळला आहे. एकाच माशाच्या एकाच नावात तीन समाजांनी तीन निरनिराळे अर्थ ऐकले, आणि नवल असे की त्यांतला प्रत्येक अर्थ त्या माशाविषयी काही खरे सांगतो. परंतु पहिला अर्थ ज्यांचा, त्यांच्याकडून पाणी गेले, पाण्याकाठची जमीन गेली, आणि काही काळ तर त्या माशावरचा हक्कही गेला. उरले ते नाव, आणि तेही परक्यांच्या जिभेवर. म्हणून या नावाची बखर लिहायची तर ती केवळ व्युत्पत्तीची चर्चा राहत नाही. त्या पाण्याला प्रथम कोणी ओळखले, याचा तो दाखला होतो.

नावाचे मूळ ओजिब्वे लोकांच्या भाषेत आहे. हे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. 'ओजिब्वे' हेच नाव इंग्रजांच्या तोंडी 'चिपेवा' झाले, आणि सरकारी दप्तरातले जुने कागद चाळणाऱ्याला हे दोन निराळे समाज असावेत असा भ्रम आजही होऊ शकतो. त्यांच्या भाषेत आपल्या माशाचे नाव 'माश्किनोझे' असे आहे. या शब्दाची फोड केली म्हणजे त्याचे उत्तरपद स्पष्ट दिसते. 'गिनोझे' म्हणजे पाइक, मस्केलंजचाच धाकटा भाऊ शोभेल असा, त्याच सरोवरांत राहणारा मासा. आणि त्या गिनोझेच्या पोटात लांबी-उंचीचा वाचक असा अंश आहे, कारण 'गिनोझी' या क्रियापदाचा अर्थच 'तो लांब आहे, उंच आहे' असा होतो. म्हणजे गिनोझे हा लांबोडा मासा. इंग्रजांनी त्याच माशाला पाइक, म्हणजे टोकदार भाला, हे नाव दिले. समुद्राच्या दोन तीरांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता त्याच्या आकृतीवरच बोट ठेवले.

प्रश्न आहे तो पूर्वपदाचा. त्याचा अर्थ काहींनी 'कुरूप, बेढब' असा दिला आहे, तर काहींनी 'मोठा, थोर' असा. त्यामुळे कोठे 'कुरूप पाइक' तर कोठे 'महामत्स्य' असे भाषांतर आढळते. या घोटाळ्याला आणखी एक कारण झाले. ओजिब्वेची भगिनीभाषा जी क्री, तिच्यात गिनोझेचाच सगोत्र शब्द 'किनोसेव' हा कोणत्याही माशाला लावतात, त्यामुळे उत्तरपदाचाही अर्थ कोणी 'पाइक' घेतला, कोणी नुसता 'मासा' घेतला. मला स्वतःला 'कुरूप' या अर्थात अधिक तथ्य वाटते, मात्र त्यात तिरस्कार शोधू नये. दोन सारखे मासे रोज हातात धरणाऱ्याला त्यांच्यातला भेद एका शब्दात सांगावा लागतो, आणि तो ओळखीच्या नावामागे एक उपपद जोडून मोकळा होतो. आपल्याकडे केळीवरून रानकेळ झाली, मांजरावरून रानमांजर झाले, त्यातलाच हा प्रकार.

हा भेद किती बारकाईचा आहे ते दोन्ही मासे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज कळत नाही. पाइकचे अंग गडद आणि त्यावरच्या खुणा फिकट. मस्केलंजचे अंग फिकट आणि खुणा गडद, जणू एकाच कापडाची सुलट आणि उलट बाजू. पाइकचा गाल संपूर्ण खवल्यांनी भरलेला असतो, मस्केलंजच्या गालाचा फक्त वरचा अर्धा भाग. पाइकच्या शेपटीची टोके गोलसर, मस्केलंजची अणकुचीदार. आणि मासा उलटा करून खालच्या जबड्याच्या तळाशी पाहिले तर तेथे बारीक छिद्रांची एक ओळ दिसते. पाइकला एका बाजूस सामान्यतः पाच, मस्केलंजला सहा ते नऊ. आजचे मत्स्यशास्त्रज्ञ ही छिद्रे मोजून निर्णय देतात. ओजिब्वे कोळ्याने तोच निर्णय एका उपपदात कधीचाच देऊन ठेवला होता.

गिनोझे हा त्यांच्या लेखी नुसता खाद्यमासा नव्हता. आपल्याकडे कुळाचे देवक असते, त्याच्याशी पुष्कळ साम्य असलेली 'दोडेम' नावाची कुळव्यवस्था या लोकांत आहे. इंग्रजीतून साऱ्या जगात पसरलेला 'टोटेम' हा शब्द तेथूनच निघाला. विल्यम वॉरेन या ओजिब्वे वंशाच्या इतिहासकाराने आपल्या लोकांचा जो इतिहास लिहिला, आणि जो त्याच्या मृत्यूनंतर 1885 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मत्स्यकुळांच्या यादीत पाइकचे कुळ आहे. हे नाव जमिनीवरही उतरले. मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावर 1835 च्या सुमारास वसाहत करणाऱ्या गोऱ्या लोकांनी आपल्या गावाला आधी पाइक क्रीक म्हटले, मग साउथपोर्ट म्हटले, आणि अखेर 1850 मध्ये केनोशा हे नाव कायम केले. केनोशा म्हणजे दुसरे काही नसून गिनोझे. फिरून फिरून ते लोक मूळच्याच माशापाशी आले.

माश्किनोझे हा मासा धरण्याच्या ओजिब्वे रीती दोन, आणि दोन्ही अवलोकनावर उभ्या आहेत. वसंतात बर्फ वितळले म्हणजे पाइक आणि त्यामागोमाग मस्केलंज उथळ खाडीसारख्या कोपऱ्यांत, बुडालेल्या गवतावर अंडी घालण्यास येतात. अशा रात्री भूर्जाच्या सालीची होडी काढावी, तिच्या नाळेवर त्याच सालीची चूड पेटवून लावावी, एकाने आवाज न करता वल्हवावे आणि दुसऱ्याने भाला घेऊन उभे राहावे, हा शिरस्ता होता. भूर्जाची साल तेलकट, त्यामुळे तिची ज्योत लखलखीत. ती पाण्यावर पडली म्हणजे तळापर्यंतचे दिसे. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील एका सरोवराकाठी फ्रेंच व्यापाऱ्यांनी रात्री पाण्यावर हिंडणाऱ्या या चुडी पाहिल्या आणि त्या जागेला लाक दु फ्लांबो, मशालीचे सरोवर, असे नाव दिले; ओजिब्वे लोकांचे स्वतःचे नाव 'वास्वागनिंग' हेही त्याच मशालीच्या मासेमारीवरून पडलेले आहे.

दुसरी रीत भर हिवाळ्याची. सरोवर गोठून दगड झाले म्हणजे बर्फात एक भोक पाडावयाचे, वर काळोख होईल असे घोंगडे किंवा लहानशी झोपडी घ्यावयाची, आणि लाकडाचा कोरलेला, आत शिसे भरलेला, वर रंग दिलेला एक वीतभर मासा दोरीला बांधून पाण्यात नाचवावयाचा. काळोखात बसणाऱ्याच्या डोळ्यांना खालचे पाणी हिरव्या काचेसारखे उजळलेले दिसते. लाकडी मासा वर्तुळ घेत पोहतो, दोरी किंचित ओढली की वळतो, सैल सोडली की बुडतो. आणि मग त्या उजेडाच्या कडेला एक लांब छाया येऊन थांबते. ती झेप घेत नाही, नुसती थांबते. त्या थांबण्याच्या क्षणी भाला जावा लागतो. हे लाकडी मासे कोरण्यात लाक दु फ्लांबोचे कारागीर इतके निष्णात झाले की त्यांची जुनी कामे आज संग्रहालयांत जपली जातात.

या मुलुखात फ्रेंच आले ते बीव्हरच्या कातड्यांसाठी. सेंट लॉरेन्स नदीवरून, एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात, भूर्जसालीच्या होड्यांतून त्यांचे होडीवाले आणि पाद्री आत आत गेले, आणि जाताना वाटेतल्या वस्तूंची नावे उचलत गेले, कारण युरोपात त्या वस्तूच नव्हत्या. त्यांनी या माशाचे नाव 'मास्किनोंझे' असे घेतले. मॉन्ट्रियल आणि त्रुआ-रिव्हियेर यांच्या दरम्यान सेंट लॉरेन्स नदी पसरून जे सेंट पिएर सरोवर होते, त्याच्या उत्तर काठाला मिळणाऱ्या नदीला हे नाव पडले. फ्रेंच अमदानीत तेथे दिलेल्या जहागिरीला तेच नाव मिळाले. तेथील गावालाही मिळाले. आणि क्वेबेकचा फ्रेंच भाषक आजही माशाला तेच म्हणतो. एवढ्यावर थांबते तर नाव परके पण शुद्ध राहते. परंतु परका शब्द फार दिवस निरर्थक ठेवणे माणसाच्या मनाला सोसत नाही. त्या ध्वनीत फ्रेंच कानाला हळूहळू 'मास्क आलोंझे' असे आपलेच दोन शब्द ऐकू येऊ लागले. अर्थ, लांबवलेला मुखवटा. चपट्या, पुढे ताणलेल्या तोंडाचा तो मासा समोर असताना हा अर्थ इतका चपखल बसला की नावाचे मूळ तेच, अशी पुष्कळांची खात्री झाली.

ही चूक मुंबईकराला अनोळखी वाटू नये. मुंबादेवीच्या नावावरून आलेले आपल्या शहराचे नाव पोर्तुगीजांच्या लेखनात 'बोंबाईं' झाले, आणि पुढे ते 'बों बाइया', म्हणजे चांगली खाडी, यावरून आले अशी व्युत्पत्ती रूढ झाली. वास्तविक पोर्तुगीज भाषेत खाडीवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे 'चांगली' या अर्थी तेथे 'बोआ' हवे, 'बों' चालत नाही, पण बंदर सुरेख होते म्हणून अर्थ खरा वाटला. उलट बाजूने पाहू तर अफोन्सू या पोर्तुगीज नावाचा कोकणात हापूस झाला, आणि तो आंबा खाणाऱ्या कोणालाही त्यात परकेपणाची पुसटशीही चव लागत नाही. शब्द परक्या घरी गेला की त्या घरचे कपडे घालतो. वर्तनाचा हा नियम मुंबईत तोच, मॉन्ट्रियलमध्येही तोच.

फ्रेंचांकडून नाव इंग्रजांकडे गेले तेव्हा त्याचे इतके रूपभेद झाले की मास्किनाँज, मस्कलाँज, मस्कलंज, मस्केलंज अशी एकाच माशाची अनेक लेखने एकाच पिढीच्या पुस्तकांत आढळतात. कॅनडातील इंग्रजी लेखनात मूळच्या जवळचे 'मास्किनाँज' हे रूप दीर्घकाळ टिकले. संयुक्त संस्थानांत 'मस्केलंज' स्थिर झाले. या शेवटच्या रूपातील एका वर्णाकडे वाचकाने क्षणभर लक्ष द्यावे. ओजिब्वे शब्दात 'ल' नाही; त्या जागी 'न' आहे, आणि तो 'न' गिनोझेचा, म्हणजे अर्थाचा आधारस्तंभ आहे. तो 'ल' आला कोठून? बहुधा फ्रेंचांच्या त्या 'आलोंझे'तून, लांबवलेल्या मुखवट्यातून. भूस्तरात एखादा शिंपला सापडावा आणि येथे कधी समुद्र होता हे त्यावरून कळावे, तसा हा एक 'ल' इंग्रजी शब्दात राहिला आहे, आणि या वाटेने फ्रेंच गेले होते याची तो साक्ष देतो. पुढे इंग्रजी कानाने त्या 'ल'पासून आणखी एक अर्थ काढला. 'लंज' म्हणजे इंग्रजीत एकाएकी घेतलेली झेप, तलवारीचा पुढे मारलेला वार. आणि कॅनडातले गळ टाकणारे त्या माशाला नुसते 'लंज' म्हणू लागले. तासन्‌तास निश्चल राहून क्षणार्धात तुटून पडणाऱ्या या माशाला हेही नाव शोभले. कोळ्याने त्याची जात पाहिली, फ्रेंच प्रवाशाने त्याचे तोंड पाहिले, इंग्रज शिकाऱ्याने त्याची झेप पाहिली.

शास्त्राच्या दप्तरात या माशाची नोंद 1824 मध्ये झाली. ती करणारा सॅम्युएल लॅथम मिचिल हा न्यूयॉर्कचा वैद्य, प्राध्यापक, निसर्गशास्त्रज्ञ आणि काही काळ अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहाचा सभासद. नावांचे महत्त्व न्यायासनापुढे किती होते याचा अनुभव त्याला आधीच आला होता. 1818 मध्ये न्यूयॉर्कमध्ये माशाच्या तेलावरील तपासणीशुल्काचा एक खटला चालला, त्यात देवमासा हा मासा नव्हे अशी साक्ष त्याने दिली. पंचांनी ती मानली नाही आणि कायद्यापुरता देवमासा मासाच ठरला. त्याच मिचिलने मस्केलंजला 'एसॉक्स मास्किनोंजी' हे द्विपद नाव दिले. यातले पहिले पद प्लिनीच्या ग्रंथातून आलेले, त्या रोमन पंडिताने ऱ्हाइन नदीतील एका प्रचंड माशासाठी वापरलेले आणि लिनियसने 1758 मध्ये पाइकच्या गणाला लावलेले. दुसरे पद ओजिब्वे कोळ्याचे. रोमचा पंडित आणि सरोवराकाठचा भालेकरी एका नावात शेजारी शेजारी बसले.

असे करणारा मिचिल एकटा नव्हता. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची पाहणी करणारा कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने 1839 मध्ये आपल्या नद्यांतील माशांचे वर्णन केले, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या माशाला त्याने लोकांच्या तोंडचे 'खुद्री' हेच नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले, आणि दख्खनचा महाशीर आजतागायत जगभर त्याच नावाने ओळखला जातो. साइक्सला नदीकाठच्या ज्या माणसांनी ते नाव सांगितले त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. मिचिलच्या माशामागे जे कोळी उभे आहेत त्यांचीही नाहीत. माणसे निनावी राहिली आणि त्यांनी दिलेली नावे अमर झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील पाइन वृक्षांची अरण्ये लाकडासाठी तोडली गेली, आगगाडी आली, आणि ज्या गाड्या लाकूड नेत त्याच शिकागो-मिलवॉकीचे हौशी लोक घेऊन येऊ लागल्या. सरोवराकाठी विश्रामगृहे उठली, आणि तेथे वाटाड्ये म्हणून कामाला लागले ते पुष्कळदा ओजिब्वेच. ज्या माशाचे नाव त्यांच्या आजोबांनी दिले तो कोठे दडतो हे परक्याला दाखवण्याची मजुरी नातवांना मिळू लागली. मासे कमी होऊ लागले तसे शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या शटॉक्वा सरोवरावर आणि मागाहून विस्कॉन्सिनमध्ये कृत्रिम रीतीने अंडी उबवून पिले सोडण्याचे काम सुरू झाले. 1955 मध्ये विस्कॉन्सिनने मस्केलंजला राज्यमत्स्य ठरविले. हेवर्ड गावाभोवतीच्या पाण्यांची कीर्ती तर अशी की 1949 या एकाच वर्षी तेथे दोन विक्रमी मासे धरले गेले : जुलैमध्ये लाक कूर्त ओरेय सरोवरात 67 पौंड 8 औंसांचा, आणि ऑक्टोबरमध्ये चिपेवा फ्लोएज या जलाशयात 69 पौंड 11 औंसांचा. त्यांतला खरा विक्रम कोणता, याचा वाद दोन निरनिराळ्या नोंदवह्या आजही जिवंत ठेवतात. त्याच हेवर्डमध्ये मस्केलंजची 143 फूट लांबीची एक प्रतिमा उभारली आहे, आणि तिच्या पोटातून जिना चढून लोक जबड्यात उभे राहतात व गाव न्याहाळतात.

त्या विक्रमांच्या पाण्याचा इतिहास मात्र त्या जबड्यातून दिसत नाही. लाक कूर्त ओरेय येथील ओजिब्वे लोकांना 1854 च्या तहाने तेथे राखीव भूमी मिळाली. त्याआधी 1837 आणि 1842 च्या तहांनी त्यांनी आपला अफाट मुलूख संयुक्त संस्थानांच्या सरकारला दिला होता, पण देताना त्या मुलखातील शिकार, मासेमारी आणि 'मनोमिन' हा पाण्यात उगवणारा रानतांदूळ वेचणे, या आपल्या वहिवाटी तहनाम्यात राखून ठेवल्या होत्या. 1923 मध्ये चिपेवा नदीवर विजेच्या कामासाठी धरण बांधून पाणी अडवले गेले. राखीव भूमीतील लोकांनी विरोध केला होता. पाणी चढले तेव्हा त्यांचे एक गाव, मनोमिनची शेते आणि पूर्वजांच्या कबरी त्याखाली गेल्या. सर्व कबरी आधी हलविण्याचे वचन पुरतेपणी पाळले गेले नाही. चिपेवा फ्लोएज म्हणतात तो हाच जलाशय. ज्या माशाच्या वजनाची नोंद लोक आदराने सांगतात तो ज्या पाण्यात वाढला, त्या पाण्याच्या तळाशी त्या माशाला नाव देणाऱ्यांचे गाव आहे.

तहनाम्यांतील कलमे दरम्यान दप्तरात पडून होती. राज्याचे अधिकारी राखीव भूमीबाहेर भाल्याने मासे मारणाऱ्या ओजिब्वेला गुन्हेगार समजत, आणि 1974 मध्ये लाक कूर्त ओरेयच्या दोघा तरुणांनी त्याच जलाशयाच्या, सीमेबाहेरच्या भागात मासे मारले तेव्हा त्यांच्यावर खटला भरला गेला. तरुण सीमा ओलांडून गेले ते जाणूनबुजून, तह अजून जिवंत आहे की नाही हे न्यायासनाकडून वदवून घेण्यासाठी. 1983 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की तहाने राखलेले हक्क कधीही संपलेले नाहीत. त्या निर्णयानंतर काही वर्षे वसंतातल्या रात्री सरोवरांच्या धक्क्यांवर जमाव जमत, शिव्यांचा आणि दगडांचा वर्षाव होई, आणि त्यातून वाट काढीत ओजिब्वे कुटुंबे डोक्याला दिवा बांधून होड्या पाण्यात ढकलीत. भूर्जसालीच्या चुडीची जागा विजेच्या दिव्याने घेतली होती; उथळ कोपरा, रात्र, भाला आणि अंडी घालण्यास आलेला मासा ही सर्व जुनीच होती. 1991 मध्ये न्यायालयीन वाद मिटला. आज प्रत्येक सरोवरातून किती मासे घ्यावयाचे याची मर्यादा आधी ठरते, आणि भाल्याने घेतलेला प्रत्येक मासा धक्क्यावर मोजला जातो. 1984 मध्ये ओजिब्वे जमातींनी मिळून स्थापन केलेला आयोग हे काम पाहतो. गळ टाकणाऱ्यांमध्येही पालट झाला आहे. 1966 मध्ये मिनेसोटात स्थापन झालेल्या मस्कीज इंक. या संस्थेने धरलेला मासा जिवंत सोडण्याचा प्रचार केला, आणि पुष्कळ गळकरी आता वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेला मस्केलंज मोजमाप घेऊन पुन्हा पाण्यात सोडतात. दोन समाजांच्या रीती भिन्न, पण मासा राहिला पाहिजे यावर दोघांचे एकमत आहे, आणि त्या एकमताला मी लहान गोष्ट मानीत नाही.

मी या नावाच्या मागे इतका लागलो याचे कारण सांगतो. परक्या शब्दाच्या विकृत रूपाकडे पाहून आपण पुष्कळदा म्हणतो की मूळ अर्थ हरवला, आता नाव म्हणजे केवळ एक खूण. मस्केलंज हे नाव मला निराळे शिकवते. फ्रेंचांनी त्यात मुखवटा घातला, इंग्रजांनी झेप घातली, शास्त्राने त्यावर लॅटिनचा मुलामा चढविला. पण इतक्या आवरणांखालीही गिनोझे पुरता पुसला गेला नाही, आणि ज्याला तो ओळखता येतो त्याला नावातून मासा, माशातून पाणी आणि पाण्यातून माणसे दिसू लागतात. तहनाम्याची शाई सरकारी दप्तरात झाकली गेली त्या काळातही हे नाव रोज उच्चारले जात होते, आणि ज्यांना त्यांच्या पाण्यावरून हुसकावले जात होते त्यांची वहिवाट, हुसकावणाऱ्यांच्याच मुखातून, नकळत सिद्ध होत होती.

लाक कूर्त ओरेय येथे या शतकाच्या आरंभी 'वादोकोदाडिंग' नावाची शाळा निघाली. त्या शब्दाचा अर्थ, लोक एकमेकांना जेथे साहाय्य करतात ती जागा. तेथे मुले सर्व विषय ओजिब्वे भाषेतून शिकतात. ज्या मुलाला लांब या अर्थाचा शब्द आधीच ठाऊक आहे आणि गिनोझेही ठाऊक आहे, त्याला माश्किनोझे हे नाव पाठ करावे लागत नाही. ते कानावर पडताच उलगडते. पलीकडे हेवर्डच्या बाजारात पाटीवर मस्केलंज लिहिलेले असेल आणि त्यात तो फ्रेंच 'ल' असेल. या मुलाच्या तोंडी 'न' आपल्या जागी आहे.